धरणाचा पान्हा

आमच्या गावाला धरण आहे असं मी गोडाऊनमध्ये कुणाला सांगितलं की लोक हसतात. त्यांच्या डोळ्यांपुढे मोठमोठे लोखंडी दरवाजे येतात आणि टीव्हीवर दिसणारा तो पांढरा लोट. आमच्या धरणाला दरवाजे नाहीत. मातीचा एक लांब भराव, आतल्या अंगाला बसवलेले दगड, एका टोकाला जादा पाणी निघून जायला सांडवा आणि शेताला पाणी सोडायला मोरी, एवढाच त्याचा संसार. उंची म्हणाल तर अर्ध्या ताडाएवढी. पण माझ्या आईबापांनी रोजगार हमीवर डोक्यावरून पाट्या वाहून ते बांधलंय, त्यामुळे त्याला कुणी तळं म्हटलं की मला राग येतो.

मी वडप्याच्या एका गोडाऊनमध्ये शिफ्टचा सुपरवायझर आहे आणि भिवंडीत राहतो. गाव अंबाडीच्या बाजूला, आत. सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलवर निघायचं, दादा-वहिनीकडे जेवायचं आणि संध्याकाळी परत फिरायचं हा माझा अनेक वर्षांचा शिरस्ता. बायको म्हणते, तुमचा पाय गावाला ओढतो की पोट ओढतं ते एकदा ठरवा. तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. वहिनीच्या हातच्या अळूवड्या ज्यांनी खाल्ल्या नाहीत त्यांच्याशी मी या विषयावर वाद घालत नाही.

हे अळू यायचं धरणाच्या पायथ्याशी. भरावाच्या बाहेरच्या अंगाला, अगदी खाली, एक जागा बारमाही ओली असायची. मे महिन्यात सगळं माळरान करपून जायचं, विहिरी खरवडून निघायच्या, आणि तिथं मात्र परातीएवढी अळूची पानं डोलत असायची. गावात त्या जागेला पान्हा म्हणत. गाईला पान्हा फुटतो तसा धरणाला फुटतो, असं माझी आईसुद्धा सांगायची. पहिली पानं काढायच्या दिवशी बायका तिथं हळदीकुंकू वाहत, नारळ फोडत. चपला घालून त्या ओलीत कुणी पाय ठेवत नसे. गणपतीत साऱ्या गावाची अळूची भाजी तिथूनच व्हायची.

ती जागा दादाच्या शेताच्या कडेला असल्यामुळे तिची राखण आपोआप वहिनीकडे आली. ती तिनं इतकी मनावर घेतली की विचारू नका. सकाळी पानं काढायची, तिथल्याच पाण्यात बादलीत धुवायची, जुड्या बांधायच्या आणि अंबाडीच्या नाक्यावर जाऊन बसायची. तिच्या स्वतःच्या हातात खेळणारा पैसा तेवढाच. पुढे शेतांच्या जागी गोडाऊनं आली, धरणाच्या खालच्या ओढ्याला लागून कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या उठल्या, आणि वहिनीला घराशेजारीच गिऱ्हाईक मिळालं. उत्तरेकडच्या त्या बायका "भाभी, अरबी का पत्ता है क्या?" म्हणत बांधावर यायच्या. वहिनीचं हिंदी ऐकाल तर पोट धरून हसाल. "हाय हाय, कल का नय, आजच काढ्या हाय," असं ती ठणकावून सांगायची आणि त्यांना ते बिनचूक कळायचं. त्यांच्यातली एक बाळंत झाली तेव्हा वहिनीच डिंकाचे लाडू घेऊन खाली गेली होती.

तर अशा या धरणाची तपासणी करायला पाटबंधारे खात्याची इंजिनिअर येणार असा निरोप मागच्या दिवाळीनंतर आला.

निरोपानं गावात थोडी धावपळ झाली. कारण सरळ होतं. धरणाखालच्या बऱ्याच जमिनींना गोडाऊनवाल्यांकडून भाड्यानं मागणी आलेली. दादाचंही बोलणं जवळजवळ पक्कं झालं होतं. धरणाला धोक्याचा शेरा बसला तर कोण इथं गोडाऊन टाकणार? आमचे एक चुलतकाका गावातले सगळ्यात वजनदार. लग्न जमवण्यापासून बांधाची भांडणं मिटवण्यापर्यंत सगळीकडे ते पुढे. त्यांनी आदल्या दिवशीच देवळासमोर सगळ्यांना बजावलं.

"मॅडम काय इचारल तं मी बोलीन. बाकीच्यांनी बोलायचा न्हाय. आपला बांध टकाटक हाय, एवढाच सांगायचा."

काका माणूस वाईट नव्हे. पण एकदा एखादी गोष्ट त्यांनी अंगावर घेतली की इतरांनी फक्त मान डोलवायची असते, आणि आमचं गाव मान डोलवण्यात पटाईत आहे.

त्या दिवशी माझी सुट्टी होती म्हणून मीही बांधावर गेलो. इंजिनिअर बाई स्कूटीवरून आली. वयानं लहान, बोलीवरून घाटावरची. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. काकांनी पोहे, चहा, शहाळी असा सगळा बेत सांडव्याजवळच्या आंब्याखाली मांडून ठेवला होता. तिनं हात जोडले आणि म्हणाली, "आधी धरण बघते, मग चहा घेते." मला ती तिथंच आवडली. साहेब लोकांची तपासणी आंब्याखालीच उरकलेली मी पाहिली आहे.

ती भरावाच्या माथ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. कुठं माती खचलीय का, भेगा आहेत का, झुडपं कुठं वाढलीत, सगळं वाकून बघत होती. सांडव्यात बायकांनी वाळत घातलेल्या गोधड्या बघून हसली, आणि "पावसाळ्यात इथं काही ठेवू नका हं," म्हणाली. मग ती खाली उतरली आणि माथ्यावर फिरली होती त्याहून सावकाश पायथ्याकडेनं फिरू लागली. आम्ही सगळे तिच्या मागून. काका तिला धरण किती मजबूत आहे, कुठल्या पावसात कसं टिकलं, हे सांगत होते. ती "हो का" म्हणायची आणि खाली बघायची.

दोन वेगळ्या गोष्टी ठरवायच्या असतात, असं तिनं चालता चालता सांगितलं. एक म्हणजे धरणाची तब्येत कशी आहे. आणि दुसरी, उद्या ते फुटलंच तर खाली कोण आहे. पहिल्यांदा तपासणी झाली तेव्हा खाली नुसती भातशेती होती, म्हणून धोका कमी असं लिहिलेलं. "आता तुमच्या खाली माणसं झोपतात," ती खोल्यांकडे बोट करून म्हणाली. "धरण तेच आहे, पण धोका आता उच्च लिहावा लागणार. ते माझ्या हातात नाही." काकांचा चेहरा उतरला. तरी ते सावरून म्हणाले, "पन तब्येत तं ठनठनीत हाय ना, मॅडम?"

तोवर आम्ही अळूच्या वाफ्यापाशी पोचलो होतो.

वहिनी तिथंच होती. डोक्यावरून घेतलेला पदर कमरेला खोचलेला, हातात कोयती, कडेला बादली. इंजिनिअर बाई ओलीत उतरण्याआधी थबकली. बायकांनी वाहिलेलं हळदीकुंकू तिला दिसलं असावं. तिनं वहिनीकडे बघून विचारलं, "उतरू का ताई?" वहिनी म्हणाली, "उतरा की. पन बूट काढून." आणि त्या बाईनं खरोखरच बूट काढले, पँट वर दुमडली आणि अनवाणी चिखलात उतरली. बूट राहू द्या असं आमच्यातल्या कुणी म्हटलंही नाही. इतक्या शहाण्या माणसांत मला तरी कुठं सुचलं.

तिनं पानं बाजूला सारून पाणी कुठून येतंय ते बघितलं. मग उभी राहून सगळ्यांना म्हणाली, "पाणी येतंय याचं मला एवढं काही वाटत नाही. मातीचं धरण थोडं पाझरणारच. पाणी स्वच्छ असेल तर मोजायचं आणि लक्ष ठेवायचं. मला एकच सांगा, हे पाणी कधी गढूळ येतं का? गढूळ येत असेल तर त्या पाण्याबरोबर आतली माती वाहून येते. वरून धरण जसंच्या तसं दिसतं, आतून पोकळ होत जातं."

मी दादाकडे पाहिलं, दादानं जमिनीकडे. आता हे वाचणाऱ्याला सांगायला हवं, कारण त्या नजर चुकवण्याचा अर्थ बाहेरच्या माणसाला कळणार नाही. भाद्रपदापासून ते पाणी पातळ ताकासारखं येत होतं. गणपतीत मी स्वतः पाहिलं होतं. आणि साऱ्या गावाला आनंद झाला होता. पान्हा म्हटल्यावर दूध आलंच. म्हाताऱ्या बायकांनी सांगितलं, यंदा धरण भरून प्रसन्न झालंय. नवरात्रात तिथं ओटी भरली. वहिनीनं खण-नारळ वाहिला तेव्हा मी मोबाईलवर फोटो काढला होता. आमचं धरण आतून झिजत होतं आणि आम्ही त्याची पूजा करत होतो. असं दुसऱ्या कुठल्या गावाला सुचलं असतं का, मला शंका आहे.

त्या दिवशी मात्र पाणी बऱ्यापैकी निवळ दिसत होतं. थंडी पडायला लागली होती, पाऊस थांबून बरेच दिवस झाले होते. काकांनी ते हेरलं. "बगा ना मॅडम, पानी कसा हाय. आरशासारका." मान डोलवणाऱ्यांनी माना डोलवल्या. इंजिनिअर बाईनं ओंजळीत पाणी घेऊन पाहिलं. तिच्या हाताला फार काही लागलं नाही.

वहिनी हातातली कोयती पुसत होती. तिनं खाली खोल्यांकडे एकदा बघितलं. तिथं पत्र्यावर कुणाची तरी लुगडी वाळत होती आणि चुलीचा धूर वर येत होता. मला तिचा चेहरा दिसत होता आणि मला कळलं की आता ही बोलणार. तिनं बोलू नये असंही वाटलं, हे कबूल करायला मला लाज नाही; दादाची जमीन होती ती, आणि वाफा तिचा.

"भादव्यापासना गढूल येतंय," ती म्हणाली. "आमाला वाटला, पान्हा वाढला. रोज बादलीत पानी घेतंय मी, तं बुडाला माती बसतं. बारीक, पिठासारकी."

काका म्हणाले, "तू गप रव." वहिनी त्यांच्यापुढे डोक्यावरचा पदर कधी खाली येऊ देत नाही. तेव्हाही दिला नाही. पण तिनं बादली उचलली, वरचं पाणी हलक्या हातानं ओतून दिलं आणि ती इंजिनिअर बाईपुढे धरली. तळाला गाळ होता. बाईनं दोन बोटांत तो चोळून पाहिला आणि तिचा चेहरा एकदम बदलला. तिनं विचारलं, "ताई, मी हे लिहिलं तर हा वाफा राहणार नाही. कळतंय ना तुम्हाला?" वहिनी म्हणाली, "कलतंय."

पोह्यांना नंतर कुणी हात लावला नाही.

धरणाची तब्येत सगळ्यात वाईट वर्गात गेली. त्याच आठवड्यात मोरी उघडून पाणी हळूहळू उतरवायला सुरुवात झाली. भरलेलं धरण रिकामं होताना बघणं फार जिवावर येतं. भेंडी, काकडी, वाल, सगळ्या मळ्यांनी हाय खाल्ली. दादाचं जमिनीचं बोलणं फिसकटलं, इतरांचीही. आणि गाव वहिनीवर उलटलं. तोंडावर कुणी काही म्हणालं नाही, ती आमची रीत नव्हे. तिला बघून बायका विहिरीवर बोलणं थांबवायच्या. संक्रांतीच्या वाणाला तिला बोलावणं आलं नाही. मी भिवंडीच्या मंडईत उभा असताना गावचा एक जण मला ऐकू जाईल अशा बेतानं दुसऱ्याला म्हणाला, "परक्या लोकांच्यासाठी हिनं गावाचा पानी घालवला." मला त्याला चार गोष्टी सुनवायच्या होत्या. सुनावल्या नाहीत, भाजी घेतली आणि आलो, आणि घरी येऊन बायकोवर उगाच डाफरलो.

दादा सुरुवातीला तिच्याशी धड बोलत नव्हता. मी जेवायला गेलो की दोघांच्या मधे बसायचो आणि एकटाच बडबडायचो. एकदा मी तिला सरळ विचारलं, "वहिनी, वाईट वाटतं का?" ती भाकरी थापत होती. "वाटतंय ना," म्हणाली. "सकालचा उठल्यावर हात रिकामा रवतो. पन भावजी, मना झोप लागतं." एवढंच. तिच्याइतकं धीट माणूस मी आमच्या घराण्यात दुसरं पाहिलेलं नाही, आणि मी हे तिला कधी सांगणार नाही, कारण ती मला वेड्यात काढील.

उन्हाळ्यात काम सुरू झालं. जेसीबीनं अळूचा वाफा काढून टाकला तेव्हा वहिनी घरातून बाहेर आली नाही. बाकी सगळं गाव बघायला जमलं होतं, काकाही. भराव जपून थोडा थोडा उकरत गेले, आणि आत एक भोक लागलं. खेकड्यांच्या बिळांपासून सुरू झालं असावं, असं इंजिनिअर बाई म्हणाली. पाण्यानं ते आतल्या आत रुंद केलं. बाजूला एक बांबू पडला होता. काकांनी तो उचलला आणि काय वाटलं कोण जाणे, त्या भोकात घातला. बांबू आत जात राहिला. त्यांनी तो हातभर ढकलला, मग आणखी, मग त्यांचा खांदा मातीला टेकला तरी बांबू कशाला अडला नाही. ते तसेच काही वेळ वाकून राहिले. मग त्यांनी बांबू बाहेर काढला, हळूच खाली ठेवला आणि धोतराला हात पुसत घरी गेले.

त्या संध्याकाळी काकी आमच्या घरी तांदळाच्या फेण्या घेऊन आली. कशासाठी आली ते तिनं सांगितलं नाही आणि वहिनीनं विचारलं नाही. पुढच्या आठवड्यापासून विहिरीवरचं बोलणं पूर्ववत सुरू झालं.

पोकळी खोदून नीट भरली. जिथं पान्हा होता तिथं आता वाळू आणि खडीचे थर आहेत, त्यातून पाझरलेलं पाणी एका पाइपातून बाहेर येतं. स्वच्छ येतं. यंदाच्या पावसात धरण पुन्हा भरलं, सांडवा वाहिला, आणि सगळं गाव छत्र्या घेऊन ते बघायला गेलं.

पावसानंतर ग्रामसभा होती. इंजिनिअर बाई तपासणी करून आली होती, ती आधी बोलली. तिनं सांगितलं की धरणाची तब्येत आता चांगली आहे, किरकोळ कामं राहिलीत. टाळ्या पडल्या. मग ती म्हणाली, खालच्या माणसांमुळे धोका मात्र उच्चच राहील, म्हणजे दरवर्षी दोनदा तपासणी, पावसाळ्यात पाळीनं पहारा, आणि खालच्या पट्ट्यात नवीन बांधकाम नाही.

सभेत कुजबुज झाली. दादाच्या वयाचा एक जण उठून म्हणाला, "बांध तं दुरुस्त झाला. मंग ह्यो धोका कवा जानार?"

"तो धरणाचा नाही," ती म्हणाली. "खाली माणसं राहतात तोवर तो राहणार."

"मंग त्या खोल्या काडायच्या ना," मागून कुणीतरी म्हणालं. "मालकाला सांगून खाली करू. ती लोकां कुठं आपली हायत?" पुष्कळ माना डोलल्या. मला वाटलं, झालं, आता ठरलंच. खोल्यांचा मालक गावचाच, त्याला एक फोन पुरला असता. त्या पोराबाळांना असं अचानक कुठलं छप्पर मिळालं असतं? माझ्या शिफ्टचे कितीतरी लोक तिथं राहतात.

वहिनी बायकांच्या घोळक्यात, भिंतीशी बसली होती. ती उठली. ग्रामसभेत ती कधी बोललेली नव्हती.

"रवू दे ना उच्च," ती म्हणाली. "मानसां हायत म्हनून उच्च हाय ना? मंग रवू दे. पहाऱ्याला मी जाईन. पयली पाली माजी लावा."

इंजिनिअर बाई हातात पेन धरून सभेकडे बघत राहिली. काका पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. त्यांनी मागे वळून वहिनीकडे पाहिलं. तिच्या डोक्यावरचा पदर जागच्या जागी होता.

"लिवा, मॅडम," काका म्हणाले. "उच्चच लिवा. आन दुसरी पाली माजी."